उतारावरची राख

अकरा दिवस मी पाणी आणायला गेले नाही.
ताप नव्हता, खोकला नव्हता.
कुठं दुखतंय असं कुणी विचारलं असतं
तर बोट ठेवायला जागा सापडली नसती.

उलानबातरच्या उत्तरेला टेकडीवर आमची वस्ती,
लोकरी नमद्याची गोल घरं, पत्र्याची कुंपणं.
नळ नाहीत.
उताराच्या तळाशी एक निळी खोली,
तिच्या खिडकीतून बाहेर आलेली रबरी नळी
आणि आत तोमोर.
आकड्यांखेरीज तो बोलत नाही.
साठ लिटर. इतके तुग्रिक.
पुढचा.

मी दारातलं बर्फ वितळवत राहिले.
घमेलंभर बर्फाचं पातेल्याच्या बुडाशी पाणी,
त्यालाही धुराचा वास.
अंघोळ नाही, वेणी नाही.
भांडी एकमेकांत बसवून ठेवली,
वरून फडकं टाकलं.

रात्री तीनला चूल विझते
आणि मला जाग येते.
मग एकेक येऊन उभं राहतं:
कोळशाची पोती तीनच उरलीत,
कारखान्यातून पुन्हा बोलावणं येईल का,
मुलगा फोनवर इतकं कमी का बोलला,
आणि काही उरलं नाही की
छताची काठी आत्ता वाजली ती का वाजली.
ही पण रांगच.
फक्त इथं कुणी म्हणत नाही,
पुढचा.

दारखानहून बहिणीचा फोन आला.
सारांगेरेल म्हणाली, डुलमा, मन घट्ट कर,
पहाटे उठून चालत जा.
हो म्हणाले.
फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.
मन काय पिंपाचं झाकण आहे,
घट्ट करायला?

बाराव्या दिवशी उठले
ते धीर आला म्हणून नाही.
दुधाच्या खाऱ्या चहाला काजळीची चव आली,
पहिला घोट थुंकून टाकला
आणि इतका राग आला
की एक बूट पायात गेला.
मग बसून राहिले.
एक पाय बुटात, एक मोज्यात.
वीस मिनिटं तरी गेली असतील.
दुसरा बूट कधी घातला, आठवत नाही.

साऱ्या वस्तीच्या हातगाड्यांतून सांडलेलं पाणी
त्या उतारावर गोठून काच होतं.
ज्यानं त्यानं आपल्या दारापुढं
चुलीतली राख टाकायची, असा इथला रिवाज.
माझ्या दारापुढं अकरा दिवसांची काच असणार,
म्हणून कुंपणाला धरूनच पाऊल टाकलं.
पाय घसरला नाही.
फाटकापासून वळणापर्यंत राख होती.
करडी, ताजी, अजून न तुडवलेली.

शेजारी गोंचिग राहतो, लंगडा, तिरसट.
त्याच्या कुत्र्यावरून आमचं बोलणं बंद आहे.
त्याची बादली कुंपणाशी पालथी पडली होती.
मी काही विचारलं नाही.
राखेनं पाय राखले, एवढं कळलं.

तोमोरनं नळी सोडली.
साठ?
साठ.
आणि पिंप भरता भरता, खाली बघत,
चाक कुरकुरतंय. तेल घाल.
इतकं तो आजवर कुणाशी बोललेला नाही.

वर येताना तीनदा थांबले.
छातीत तेच धडधडणं, रात्रीचं.
पण या वेळी त्याला कारण होतं:
चढ.
मी छातीवर हात ठेवून
अख्ख्या वस्तीचा धूर बघत उभी राहिले.

भांडी निम्मीच घासली.
चाकाला तेल घातलं नाही, तेल नव्हतं.
संध्याकाळी चूल उपसली,
अकरा दिवसांची राख दोन बादल्या भरली.
माझ्या दारापुढं टाकून उरली
ती गोंचिगच्या फाटकापर्यंत नेली.
कुत्रं भुंकलं. दार उघडलं नाही.

रात्री तीनला जाग आलीच.
तीच पोती, तोच कारखाना, तोच फोन.
अंधारात मी मोठ्यानं म्हटलं, पुढचा.
स्वतःचाच आवाज ऐकून हसू आलं,
पण रांग हलली नाही.

तेवढ्यात बाहेर कुणाचे तरी बूट वाजले,
खर्र, खर्र,
एक पाय ओढत,
न घसरता
उतार उतरणारे.